कायदा, हिंसा आणि आपली कीर्द-खतावणी

आपल्या संघाच्या चिटणीसांचा निरोप आला की, यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही चार पाने लिहून द्यावीत. मागे एकदा आम्ही तुरीच्या साठवणुकीवर लिहिले होते व ते उपयोगी पडले असे पुष्कळ सभासद बंधूंनी आवर्जून सांगितले. यंदाही तुरीवरच लिहावे असे मनात होते. परंतु दिवाळीच्या सुट्टीत घरी एक प्रसंग घडला आणि विषय आपोआप बदलला. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. कायद्याचा अभ्यास म्हणाल तर बाजार समितीचे नियम, वजनमापांचा कायदा आणि १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा, एवढाच. तोही अधिकारी दुकानात येऊन बसतात म्हणून झालेला. तेव्हा ह्या लिखाणात विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. मात्र गोष्ट घरची आहे, आणि ती आजवर आम्ही चारचौघांत कधी बोललो नव्हतो.

आमचा थोरला नातू पुण्यास संगणकाचे शिक्षण घेतो. दिवाळीस घरी आला असता एका रात्री त्याने आम्हांस एक अमेरिकन चित्रपट दाखविला. नाव ‘द पर्ज’, साल २०१३. त्यातील कल्पना अशी की, अमेरिकेत वर्षातून एक रात्र, सायंकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत, सर्व गुन्हे माफ असतात. खूनसुद्धा. त्या बारा तासांत पोलीस येत नाहीत, इस्पितळातून मदत मिळत नाही. राज्यकर्त्यांचे म्हणणे असे की, माणसाच्या मनात वर्षभर कोंडलेली वाफ एका रात्रीत निघून गेली म्हणजे उरलेले वर्ष सुखाने जाते. आम्हांस असले चित्रपट सोसत नाहीत व अर्ध्याहून अधिक वेळ आम्ही डोळे मिटूनच होतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु एका गोष्टीने आमचे लक्ष वेधले. कथेतील मुख्य गृहस्थ व्यापारी आहे. त्या रात्रीपासून बचाव करणारी पोलादी दारे व यंत्रे तो आपल्याच आळीतील लोकांस विकतो आणि त्या नफ्यावर घर वाढवितो. शेवटी त्याच्या जिवावर उठतात ते त्याचेच शेजारी. तू आमच्या भीतीवर श्रीमंत झालास, हा त्यांचा राग. आणि त्या बंदिस्त घरात, जीव वाचविण्यासाठी पळणाऱ्या एका परक्या माणसास दार उघडून आत घेतो तो त्या व्यापाऱ्याचा लहान मुलगा.

चित्रपट संपल्यावर नातवाने विचारले, “आजोबा, कायदा नसता तर तुम्ही काय केले असते?”

पोराने सहज विचारले. आम्ही प्रथम व्यापाऱ्याचे उत्तर दिले: कायदा नसेल तर आम्ही दुकानच उघडणार नाही. त्यावर त्याने आपल्या बाजूने पुरावा दिला. १९६९ च्या ऑक्टोबरची ७ तारीख, कॅनडातील माँट्रियल शहर. पोलिसांनी संप पुकारला आणि एका दिवसात बँकांवर दरोडे पडले, दुकाने फुटली, माणसे मेली, अखेर सैन्य बोलवावे लागले. आम्ही दुसऱ्या बाजूचे उदाहरण शोधावयास सांगितले तर तेही त्याच्याजवळ होते. १९६५ साली टोंगा बेटांतील सहा शाळकरी मुले नावेतून भरकटून एका निर्जन बेटावर लागली आणि वर्षाहून अधिक काळ तेथे राहिली. तेथे ना मास्तर, ना पोलीस. तरी कोणी कोणावर हात उगारून उठला नाही. पाण्याची, विस्तवाची कामे वाटून घेतली, एकाचा पाय मोडला तर दुसऱ्यांनी तो बांधून बरा केला. १९६६ साली एका जहाजाने त्यांस सोडविले. हे सांगून नातू म्हणाला, “पण आजोबा, ते सहाही जण आधीपासून मित्र होते.” हे त्याचे वाक्य आम्ही विसरलो नाही. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

त्या रात्री आम्ही त्यास पुरते उत्तर दिले नाही. कारण दिवाळीच्या साफसफाईत चारच दिवसांपूर्वी त्याने स्वतः माळ्यावरून एक कल्हईची, तांब्याची देगची खाली आणली होती आणि तिच्या काठावर कोरलेली उर्दू अक्षरे पाहून, “हे कोणाचे भांडे?” असे विचारले होते. तेव्हाही आम्ही गप्प बसलो होतो. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते १९४८ सालातले आहे.

बीदर व कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे (कलबुर्गीस तेव्हा गुलबर्गा म्हणत) निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, हे तरुण सभासदांस पुस्तकातून ठाऊक असेल. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे आज लातूर जिल्ह्यातील तालुके त्या वेळी आपल्या बीदर जिल्ह्यात होते. १९५६ ला सरहद्द आली आणि सोयरेधायरे दोन राज्यांत वाटले गेले. आता आम्ही ज्या वर्षाविषयी लिहीत आहोत त्या वर्षी कायदा नव्हता, असे कोणी म्हणेल तर ते चूक आहे. कायदा होता. न्यायालये होती, तालुकदार होते, ठाण्यात जमादार होता, उर्दूत लिहिलेले पंचनामे होते. रझाकारांचा प्रमुख कासीम रझवी हा तर स्वतः लातूरचा वकील. पोटापाण्यासाठी कायदा वाचणारा मनुष्य. तरीही रझाकारांच्या टोळ्या दिवसाढवळ्या गावे लुटू लागल्या तेव्हा ठाणे पाठ फिरवून बसले. १९४८ च्या मे महिन्यात बसवकल्याणजवळील गोरटा येथे कत्तल झाली. दोनशेहून अधिक माणसे मेली असे सांगतात. त्या जागी आता स्मारक उभे आहे. आणि ज्यांचा समज असा असेल की, रझाकारांनी मारले ते हिंदूंनाच, त्यांनी शोएबुल्ला खान ह्या पत्रकाराचे नाव ध्यानात ठेवावे. हिंदुस्थानात सामील व्हावे असे लिहिले म्हणून त्या मुसलमान संपादकास ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रस्त्यावर ठार मारले. त्या दिवसांत आपल्या भागातील किती तरी व्यापारी कुटुंबे दुकानास कुलूप लावून सोलापूर, बार्शीकडे निघून गेली. कित्येकांच्या घरी त्या प्रवासाच्या गोष्टी अजून सांगतात.

पुढील गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी सैन्य संस्थानात शिरले. सोलापूरकडून आलेली मुख्य तुकडी नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद ह्या आपल्याच सडकेने हैदराबादेस गेली. १७ तारखेस निजामाने शरणागती दिली. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. म्हणजे दशलक्षण पर्वाचा अखेरचा दिवस. आमचे वडील सांगत की, मंदिरात कलशाभिषेक चालू असता कोणी तरी धावत येऊन बातमी दिली आणि लोकांच्या डोळ्यांतून पाणी आले. ते पाणी खरे होते. वर्षभर जीव मुठीत धरून राहिलेली माणसे होती ती.

सैन्य पुढे निघून गेले. मागे राहिलेल्या खेड्यांत जुने राज्य संपले होते आणि नवे अजून पोहोचावयाचे होते. त्या मधल्या दिवसांत जे झाले त्याची चौकशी करण्यासाठी दिल्लीहून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी असे तिघे आले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ ह्या काळात ते जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडले. त्यांचा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. २०१३ साली दिल्लीच्या तेव्हाच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांस पाहावयास मिळू लागला. त्यात मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा आहे, आणि सर्वांत अधिक हानी झालेले जिल्हे म्हणून चार नावे आहेत: उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर, नांदेड. आकड्यांविषयी वाद आहे व तो आमच्यासारख्याने सोडविण्याचा नाही. आकडा निम्मा धरला तरी मेलेली माणसे आपल्याच गावांतील मुसलमान होती. मारणाऱ्यांत रझाकारांचा जाच सोसलेले होते आणि सरहद्दीपलीकडून आलेल्या टोळ्याही होत्या. काही ठिकाणी गणवेशातील माणसेही लुटीत सामील झाली, असे समितीने लिहून ठेवले आहे.

म्हणजे एका वर्षाच्या आत आपल्या जिल्ह्याने दोन गोष्टी पाहिल्या. एकदा कायदा जागेवर असून आंधळा झाला; एकदा कायदा जागेवरच नव्हता. दोन्ही वेळा माणसे तीच होती. चित्रपटवाल्यास बारा तासांची कल्पना करण्यासाठी भविष्यात जावे लागले.

त्या अहवालात एक मजकूर असा आहे की, तो कळल्यापासून आमच्या मनातून जात नाही. काही ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांस वाचविले, प्रसंगी स्वतःचा जीव देऊन वाचविले, आणि हा आपलेपणा एका धंद्यातील माणसांत विशेष दिसला, असे त्या तिघांनी नमूद केले. उदाहरण दिले आहे ते विणकरांचे. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या दारांत उभे राहिले व त्यांत काही मेले. विणकर हा गरीब मनुष्य. त्यास कोणत्या कायद्याने हे करावयास सांगितले होते? त्याचे सूत त्याच सावकाराकडून येते, त्याचा माग तसाच मोडतो, त्याची पोरे त्याच खळीच्या वासात वाढतात. नातू म्हणाला तसे, ते आधीपासून मित्र होते. उदाहरण विणकरांचे आहे, अडत्यांचे नाही, हे मात्र आमच्या मनास लागले.

आता घरचे सांगतो.

आमचे आजोबा भालकी तालुक्यातील मूळ गावी धान्याची अडत करीत. दुकानात एक मुसलमान मापाडी होता. तीस वर्षे त्याने आमच्या खळ्यावर माप घातले. ज्वारीची रास असो, हरभऱ्याची असो, पहिली पायली भरली की तो मोठ्याने “लाभ” म्हणे, मग “दोन”, मग “तीन”. एक हा शब्द राशीवर उच्चारावयाचा नाही, लाभ म्हणावयाचे, ही आपली जुनी रीत आता इलेक्ट्रिक काट्याने संपविली. त्याचे कुटुंब आधीच माहेरी बीदरला गेले होते, तो एकटा मागे राहिला होता. गावात टोळी आली त्या संध्याकाळी तो मागील दाराने वाड्यात आला आणि एवढेच म्हणाला, “सावकार, कुठं तरी ठेवा.” आजोबांनी त्यास मधल्या घरातील रिकाम्या बळदात उतरविले. आधी कंदील सोडून पाहिला. बंद बळदात हवा कोंडलेली असते, वात विझली तर माणूस उतरवू नये, हे धान्यवाल्यास कोणी शिकवावे लागत नाही. तोंडावर फरशी, फरशीवर सरकीची पोती. अकरा दिवस तो तेथे होता. भाकरी आमचे वडील नेऊन देत. ते त्या वेळी चौदा वर्षांचे होते. दोनदा माणसे विचारीत आली. आजोबा ओट्यावर बसून राहिले आणि “येथे कोणी नाही” म्हणाले. पर्वाच्या दिवसांत सत्यव्रत घेतलेला मनुष्य खोटे बोलला. ह्याचे प्रायश्चित्त त्यांनी घेतले किंवा नाही हे आम्हांस माहीत नाही, घेतले नसेल तर आमची काही तक्रार नाही.

इथवरची गोष्ट आमच्या घरात पुष्कळदा सांगितली गेली. लग्नकार्यात, पाहुण्यांत, अभिमानाने. आम्ही स्वतः सांगितली आहे. पुढील भाग वडिलांनी आम्हांस एकदाच सांगितला, तो त्यांच्या अखेरच्या आजारात.

आश्विन लागला होता. नवे अंमलदार तालुक्यास आले होते पण खेड्यात अजून कोणी फिरकत नव्हते. एका सकाळी दोन माणसे बैलगाडी घेऊन दुकानी आली. गाडीत चार पोती ज्वारी, पितळेचा एक हंडा आणि कल्हई केलेल्या तांब्याच्या दोन देगच्या. आपल्या घरांतील भांडी पितळेची. कल्हईची देगची कोणत्या घरात असते हे गावात शेंबड्या पोरासही ठाऊक. माल कोठला, हे आजोबांनी विचारले नाही. वजन केले. तांब्याचा दर मोडीच्या दरापेक्षाही खाली धरला. हाली शिक्क्याचे रुपये मोजून दिले आणि रोजमेळात मोडी अक्षरांत नोंद केली: आश्विन शुद्ध पंचमी, शके १८७०, जिन्नस, वजन, रक्कम. नावाच्या जागी फक्त ‘गाडीवाले’. ते पान आमच्यापाशी आहे. आमच्या आजोबांचे अक्षर सुरेख होते. त्या नोंदीचेही आहे.

वडिलांनी विचारले, “अप्पा, हे कशाला घेतले?” आजोबा म्हणाले, “आपण नाही घेतले तर दुसरा घेईल. दुकानी आलेला माल परत लावू नये.”

ह्या दोन वाक्यांवर आमचा अर्धा व्यापार चालतो, हे सभासद बंधू जाणतात.

मापाडी तोपर्यंत बाहेर आला होता व पुन्हा कामास लागला होता. देगच्या कोठीच्या खोलीत ठेवल्या होत्या. त्यास उर्दू वाचता येत असे, आजोबांस येत नसे. पोते उचलण्यास तो आत गेला, काठावरील नाव त्याने वाचले. शेजारच्या गावचे नाव होते. तो काही बोलला नाही. बाहेर येऊन त्याने रास मोजावयास घेतली, आणि पहिली पायली टाकताना तो “एक” म्हणाला. आजोबांनी मान वर करून पाहिले. त्या दिवसापासून तो आमच्या खळ्यावर “लाभ” म्हणाला नाही. वर्षाअखेर हिशेब चुकता करून तो हैदराबादेस गेला. वडील म्हणत की, अप्पांनी त्यास जाताना ठरल्याहून अधिक रक्कम दिली, तर ठरली होती तेवढी घेऊन बाकीची त्याने ओट्यावर ठेवली.

बळदाची गोष्ट आणि गाडीची गोष्ट एकाच माणसाची आहे, आणि दोन्हींत मिळून पंधरवड्याहून फारसे अंतर नाही. पहिल्या वेळी कायदा नव्हता. दुसऱ्या वेळीही नव्हता. ज्यास कायद्याचे भय आहे तेवढ्यापुरताच मनुष्य चांगला, असे म्हणणाऱ्यास बळदाचा अर्थ लावता येणार नाही. आणि मनुष्य मुळात चांगला, संस्कार असले की पुरे, असे म्हणणाऱ्यास गाडीचा. आजोबांनी कोणावर हात उचलला नाही. मुंगी वाचवून चालणारे, सूर्यास्तानंतर पाणी न घेणारे गृहस्थ. त्यांस कोणी हिंसक म्हटले असते तर गाव हसले असते. परंतु लुटीची चार पोती आणि देगच्या लुटारूस भाजून खाता येत नाहीत. त्यांचे पैसे व्हावे लागतात. पैसे कोण करून देतो? दुकान. टोळी पुढच्या गावी जाते ती मागच्या गावी रोख मिळाली म्हणून. चित्रपटातील त्या दारे विकणाऱ्या गृहस्थाने तरी आपला माल उघड विकला.

आपल्या शास्त्रकारांस हे पुरते ठाऊक होते. हिंसा केलेली, करविलेली आणि अनुमोदिलेली अशी तिहेरी मोजावी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत ते जणू बाजारपेठेत बसून लिहिले आहेत: चोरास प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, विरुद्धराज्यातिक्रम, वजनमापात कमीजास्त आणि भेसळ. ह्यांपैकी चार सर्वांस समजतात. तिसऱ्याचा अर्थ आम्ही कित्येक वर्षे ‘राज्याच्या आज्ञेविरुद्ध व्यापार’ एवढाच समजत होतो; पुष्कळ ठिकाणी तसाच सांगतात. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धीत मात्र ह्याचा आणखी एक पदर उलगडला आहे: राज्यात बिघाड झाला असता मौल्यवान वस्तू स्वस्तात मिळतात म्हणून त्या मिळविण्यासाठी खटपट करणे. आम्ही हे प्रथम एका महाराजांच्या प्रवचनात ऐकले आणि आम्हांस बसल्या जागी घाम फुटला. शेकडो वर्षांपूर्वीच्या आचार्यांस शके १८७० ची आमची नोंद कशी दिसली? उघड आहे की, राज्ये तेव्हाही मोडत होती आणि व्यापारी तेव्हाही गाडीतील माल पाहून दर पाडीत होते.

कोणी म्हणेल, मग कायदाच असा कडक करावा की, अहिंसा सक्तीची होईल. हाही प्रयोग होऊन गेला आहे. गुजरातचा राजा कुमारपाल ह्याने बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांच्या प्रभावाने राज्यात प्राणिवध बंद केला. एका व्यापाऱ्याने ऊ चिरडली म्हणून त्याची मालमत्ता जप्त करून तीतून पाटण येथे यूकाविहार बांधला, अशी प्रबंधांत कथा आहे. (दंड झाला तो व्यापाऱ्यासच, हे लक्षात घ्यावे, राजे बदलतात, ही चाल बदलत नाही.) कुमारपाल गेला, अजयपाल गादीवर आला आणि प्रबंधकार सांगतात की, त्याने मागील सर्व फिरविले, विहारही पाडले. राजाच्या हुकमाने आलेली दया राजाबरोबर गेली. ज्यांनी ऊ मारणे दंडाच्या भीतीने सोडले होते त्यांनी पुढे काय केले हे प्रबंधांत नाही, पण अंदाज करता येतो.

आणि कायदा स्वतःच जाच झाल्याचीही गोष्ट आपल्याच धंद्यातील आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांची दुकाने फोडली. तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यांनी मागितली ती खते, रोखे आणि चोपड्या, आणि हाती लागल्या तेथे जाळल्या. माणसांवर हात फारसा टाकला नाही. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा, जप्ती, लिलाव हे सर्व अगदी कायदेशीर होते. शेतकऱ्याचे बैल दावणीतून सोडून नेताना सावकारास एक काठीही उगारावी लागत नसे, ते काम बेलीफ करी. सरकारासही पुढे ते पटले व १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या दंग्याविषयी आपल्या समाजात बोलताना आपण लुटले गेलेले एवढेच बोलले जाते. ज्यांच्या चोपड्या जळल्या त्यांत आपलेही होते, आणि त्या चोपड्यांत काय लिहिलेले होते हेही आपणच जाणतो.

तेव्हा आमचे मत विचाराल तर ते असे. कायदा पाहिजे, तो नसता तर बळदात उतरण्याची पाळी रोजच कोणावर तरी आली असती. परंतु तो काठीसारखा आहे, जिच्या हाती असेल त्याचे ऐकतो, आणि हात सुटला की पडतो. तो पडलेला असतो त्या आठवड्यात मनुष्य काय करील हे आधीच्या तीस वर्षांत ठरून गेलेले असते. मापाड्याचे आणि आजोबांचे तीस वर्षांचे माप होते, म्हणून बळद उघडले. देगचीवर ज्याचे नाव होते तो शेजारच्या गावचा. आजोबांस त्याचे तोंड माहीत नव्हते, म्हणून तो फक्त वजन झाला.

ह्यामुळे आम्हांस आजची काळजी वाटते. रुमालाखाली बोटे धरून सौदा होत असे तेव्हा निदान समोरच्याचा हात तरी हातात येई. आता बोली ऑनलाइन लागते, माल यार्डात उतरतो, काटा आपोआप आकडा दाखवितो, रक्कम खात्यात जमा होते. ह्यात शेतकऱ्याचा फायदा आहे व आम्ही त्याविरुद्ध नाही. रुमालाखाली काय काय चालत असे हे आम्हांस चांगले आठवते. पण यार्डातील हमालाचे घर कोठल्या गल्लीत आहे हे आमच्या मुलांस सांगता येत नाही. आम्ही ह्याविषयी मुलास बोललो तर तो म्हणाला, “बाबा, हमालांचा ठेका दिलेला आहे.” ठेका दिलेला आहे हे खरे. दुसरीकडे कोठे दंगल झाली की भंगाराच्या, भांड्यांच्या, मोबाइलच्या बाजारात स्वस्त माल येतो आणि दोन दिवसांत खपतो, हे वर्तमानपत्र न वाचणारा व्यापारीही जाणतो. तो कोण घेतो ह्याची चौकशी कोणत्या अहवालात नसते.

नातू पुण्यास परत जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्यास मोडी नोंदीचे पान दाखविले आणि सर्व सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आजोबा, दुसरी देगची कुठं आहे?” ती आमच्या आत्याच्या लग्नात इतर भांड्यांबरोबर गेली. आत्या आता नाहीत. पितळेचा हंडा कधी मोडीत गेला हे कोणास आठवत नाही. ज्वारी अर्थातच विकली गेली.

उरलेली देगची आम्ही भालकीच्या दुकानी आणून ठेवली आहे. एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडून काठावरील नाव व गावाचे नाव वाचून घेतले. त्या गावी आम्ही स्वतः जाऊन आलो. त्या नावाचे घराणे तेथे आता नाही. मशिदीजवळच्या एका वृद्ध बाईंनी, “ती माणसं हैदराबादच्या बाजूला गेली म्हणतात, जी उरली ती,” असे सांगितले व आम्हांस चहा दिला. नाव आम्ही येथे छापीत नाही, त्यांची परवानगी घेण्यास कोणी मिळालेले नाही. परंतु आपल्या संघाचे कित्येक सभासद हैदराबादेस मालासाठी जातात. तेथे कोणी भालकीकडील जुन्या घराण्याचे भेटले आणि आजोबा-पणजोबांच्या भांड्यांची गोष्ट निघाली तर त्यांस दुकानाचा पत्ता द्यावा. काठावरचे नाव त्यांनी सांगावे, आम्ही देगची त्यांच्या स्वाधीन करू. चार पोती ज्वारीचा हिशेब आम्ही आजच्या दराने काढून वेगळा ठेवला आहे.